पाइनवुड डर्बीची गाडी: पालकांनी हात कुठे लावायचा, कुठे नाही

चक्रधर

पॅकमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कब स्काउटांच्या (स्काउटिंगमधल्या लहान मुलांच्या) तुकडीकडून, पाइनवुड डर्बीचा खोका घरी आला की दोन टोकं बघायला मिळतात. पाइनवुड डर्बी म्हणजे मुलांनी लाकडी ठोकळ्यातून केलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत. एका घरात बाबा गराजचं दार लावून घेतात आणि पोराच्या वाट्याला फक्त स्टिकर चिकटवणं येतं. दुसऱ्या घरात 'तुझी शर्यत, तू बघ' म्हणून सात वर्षांच्या मुलीच्या हातात ठोकळा देऊन मोकळे होतात, आणि शर्यतीत तिची गाडी उतार संपल्यावर सपाटीवर मध्येच थांबते. नुकसान दोन्हीकडे पोरांचंच. म्हणून हा धागा. ज्यांनी पॅकमध्ये शर्यती भरवल्या आहेत त्यांनी भर घालावी.

माझ्या मते वाटणी अवजारावरून करावी. विजेवर चालणारं अवजार मोठ्यांच्या हातात, हाताने चालणारं मुलांच्या हातात. आकार कसा, किती कापायचं, रंग कोणता, वजन कुठे, हे निर्णय मुलांचे. कब स्काउटांना विजेची अवजारं वापरू द्यायची नाहीत हा स्काउटिंगचा नियमच आहे, त्यामुळे पहिल्या भागावर वाद नको. भांडणं होतात ती बाकीच्या दोन भागांवर.

आधी माप. ठोकळा पाइनचा, ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड. सोबत प्लास्टिकची चार चाकं आणि आसाचं काम करणारे चार खिळे. तयार गाडी ५ औंसांपेक्षा जड नको, ७ इंचांपेक्षा लांब नको, चाकांसकट पावणेतीन इंचांपेक्षा रुंद नको. पोटाखाली तीन सूत, म्हणजे ३/८ इंच, मोकळी जागा हवी, कारण प्रत्येक लेनच्या मधोमध उंचवटा असतो आणि गाडी त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून धावते. हे नेहमीचे आकडे झाले. प्रत्येक पॅक त्यात आपली भर घालतो, तेव्हा नियमांचा कागद आधी मुलांसोबत बसून वाचा. आस वाकवलेला चालेल का, खाचांची जागा बदलता येईल का, वंगण कोणतं, या तीन ओळी तर दोनदा वाचा.

मग कापणी. ७ गुणिले सव्वा इंचाचा कागद कापून द्या, गाडी बाजूने कशी दिसेल ते मुलांना त्यावर काढू द्या, आणि तोच कागद ठोकळ्यावर चिकटवा. आसाच्या खाचा कुठे येतात ते त्या कागदावर लाल पेन्सिलीने आखायला विसरू नका. खाच ठोकळ्याच्या तळाला असते आणि तिच्यावर निदान तीन सूत लाकूड राहिलं नाही तर खिळा बसवताना गाडी तिथेच चिरते. खाचा दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर नसतात. एका टोकाशी जेमतेम इंचभर लाकूड उरतं, दुसऱ्या टोकाशी दीड इंचाहून जास्त. आखूड बाजू मागे ठेवली तर वजन मागे नेणं सोपं जातं, पण पुढची बाजू कुठली हे कापण्याआधी ठरवा. कापल्यावर उलटवता येत नाही.

ठोकळा शिकंज्यात धरून कमानी करवतीने कापायला आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जमतं. पाइन मऊ असतं. करवतीचं पातं हळूहळू तिरपं जातं, त्यामुळे रेषेच्या बाहेर सूतभर जागा सोडून कापायला सांगा, उरलेलं कानशीने घासून काढता येतं. त्यानंतर सँडपेपर: ८०, मग १५०, मग २२०. लाकडाच्या तुकड्याभोवती गुंडाळून, रेषांच्या दिशेने. हे काम सगळ्यात लांबतं आणि ते पूर्णपणे मुलांचं. 'दे इकडे, मी दोन मिनिटांत करतो' हे वाक्य इथेच तोंडात येतं.

नवखी_आई

छान धागा. आमच्याकडे लायन आहे, म्हणजे कब स्काउटांचा सगळ्यात लहान गट, किंडरगार्टन. एवढ्या लहान मुलाला खरंच काय देता येतं? करवत तर नाहीच ना?

रंधा

करवत नाही. पण सँडपेपर, रंग, वजन मोजणं आणि चाचणी ही चार कामं पाच वर्षांचं मूल पूर्ण करू शकतं. आकार एकदम सोपा निवडा: पाचर. मागे पाऊण-एक इंच उंच आणि पुढे अर्धा इंच, एकच तिरपी काप. ती तुम्ही मारा, बाकी त्याला घासू द्या.

रंगाला पाण्याचा ॲक्रिलिक आणि ब्रश. स्प्रे द्यायचाच असेल तर तो मोठ्यांनी, बाहेर, आणि खाचांवर मास्किंग टेप लावून. खाचेत रंग गेला तर खिळा तिरका बसतो किंवा बसतच नाही. हात पातळ द्यायचे आणि शेवटच्या हातानंतर निदान दोन-तीन दिवस गाडी उघडी ठेवायची. वरून कोरडा वाटलेला रंग आत मऊ असतो. अशी गाडी फडक्यात गुंडाळली की फडक्याचे धागे रंगात रुततात आणि मग शर्यतीच्या सकाळी रडारड.

टायगर आणि वुल्फ, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलांना कानस आणि हाताने फिरवायचा ड्रिल देता येतो, शेजारी बसून. चाकूचं काम बेअरच्या, म्हणजे तिसरीच्या, वर्षापासून, आणि त्याआधी चाकू सुरक्षितपणे वापरायचं शिक्षण झालेलं असावं.

वजनकाटा

वजनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गाड्या इथेच हरतात. आणि या भागात मोठ्यांच्या हातांची गरज जवळजवळ नसते, फक्त गणित लागतं.

आख्खा ठोकळा साधारण साडेतीन ते चार औंस भरतो. चाकं आणि खिळे मिळून अर्धा औंस. म्हणजे न कापलेली गाडी चार ते साडेचार औंसांची, आणि त्यावर जेमतेम अर्धा ते एक औंस वजन टाकता येतं. तेही कुठे ठेवलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण सगळा भार लाकडात पसरलेला असतो. याउलट शरीर सरासरी अर्धा इंच जाड ठेवलं तर लाकूड दीड औंसावर येतं. अर्धा औंस चाकं-खिळे. उरले तीन औंस, म्हणजे ८५ ग्रॅम, आणि ते हवे तिथे ठेवता येतात. म्हणून वेगवान गाड्या पातळ दिसतात. हवेला अडू नये हे कारण आहेच, पण ते दुय्यम.

आता ते तीन औंस मागे का? ट्रॅक सुरुवातीला उतरता आणि नंतर सपाट असतो. गाडी उतारावर उभी असताना तिचं मागचं टोक पुढच्यापेक्षा उंचावर असतं. भार जितका मागे तितका तो जास्त उंचीवरून खाली येतो, आणि ऊर्जा मिळते ती त्या उंचीतूनच. गाडीला इंजिन नाही, उतार संपला की कमाई संपली, पुढे नुसता खर्च. मुलांना हे सांगायला कागदावर उतार काढा, एक गाडी काढा आणि भाराच्या जागी ठिपका द्या. ठिपका मागे सरकवला की जमिनीपासून वर जातो, हे दुसरीतल्या मुलालाही लगेच दिसतं.

किती मागे? गाडी पट्टीच्या कडेवर आडवी तोलून धरा. तोल सांभाळला जातो ती जागा मागच्या आसाच्या पुढे पाऊण ते एक इंचावर यावी. ट्रॅक जुना असेल, जोड वर-खाली असतील, तर सव्वा इंचावर थांबा. त्याहून मागे गेलात तर पुढची चाकं हलकी होतात, जोडावर नाक उडतं आणि गाडी उंचवट्याला आपटत जाते.

कशाचं वजन, यावर जागा ठरते. टंग्स्टन पाण्याच्या एकोणीसपट जड, शिसं अकरापट, पोलाद पावणेआठ, जस्त सातपट. तीन औंस जस्ताला तीन औंस टंग्स्टनच्या पावणेतीनपट जागा लागते. जस्ताचे तुकडे स्वस्त आणि स्काउटच्या दुकानात मिळतात, पण पातळ गाडीत मावत नाहीत, मग लोक ते पोटाखाली स्क्रूने बसवतात आणि तीन सुतांची जागा संपते. गाडी उंचवट्यावर घासते. पोटाखाली लावायचंच तर आधी तेवढा खळगा कोरून घ्या. शिसं नको. मुलं त्याला हात लावणार, तोच हात तोंडात घालणार, आणि घरी शिसं वितळवणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे.

भोकं पाडायचं काम मोठ्यांचं, ड्रिल प्रेसवर. खाच आणि भोक यांच्यात निदान सूतभर लाकूड ठेवा.

शेवटचं: घरच्या काट्यावर ५ औंस म्हणजे १४१.७ ग्रॅम. ग्रॅममध्ये मोजणारा काटा असेल तर १४१ वर थांबा. रंगाचेही दोन-चार ग्रॅम होतात, तेव्हा अंतिम वजन रंग वाळल्यावरच. आणि घरचा काटा पॅकच्या काट्याशी जुळेलच असं नाही. मागच्या बाजूला एक उघडं भोक ठेवा, टंग्स्टनची पुट्टी किंवा बारीक छर्रे घालता-काढता येतील असं. वजन भरायच्या रांगेत रंगवलेल्या गाडीला ड्रिल मारताना पालक दिसतात ते यामुळेच.

स्पष्टवक्ता

सगळं ठीक, पण खरं बोलूया. आकार आणि वजन सगळ्यांचं साधारण सारखंच होतं, शर्यत ठरते खिळ्यांवर आणि चाकांच्या रेषेवर. ते काम पाचवीतल्या मुलालाही धड जमत नाही. मग ही बापांची स्पर्धा आहे हे मान्य करा आणि मोकळे व्हा. मूळ कल्पनाही बाप-लेकांनी मिळून करायचीच होती ना?

सूत्रधार

मूळ कल्पना मिळून करायची होती हे बरोबर. १९५३ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी या कबमास्टरने, म्हणजे पॅकच्या प्रमुखाने, पहिली शर्यत भरवली. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे मुलांनी स्वतः बसून उतारावरून चालवायच्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीत, भाग घ्यायचा होता आणि वय कमी पडत होतं. बाप-लेकांनी घरात बसून करता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून हा छोटा ठोकळा. (आता बाप-लेक म्हणायचे दिवस गेले, २०१८ पासून कब स्काउटमध्ये मुलीही आहेत.) पण 'मिळून' याचा अर्थ एकाने करायचं आणि दुसऱ्याने बघायचं असा होत नाही.

मोठी माणसं कुठवर जाऊ शकतात याचं टोकाचं उदाहरण त्याच सोप बॉक्स डर्बीचं आहे. १९७३ मध्ये अक्रनच्या राष्ट्रीय शर्यतीत जिंकलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीचा लोखंडी अडसर खाली पडताना चुंबक त्याच्याकडे ओढला जाई आणि गाडीला पुढे झटका मिळे. बक्षीस काढून घेतलं. या करामतीमागचं डोकं पोराचं नव्हतं, त्याचा सांभाळ करणाऱ्या नातेवाईकाचं होतं. नाव मात्र पोराचं खराब झालं.

कानस

स्पष्टवक्ता, खिळ्यांवर शर्यत ठरते याला माझं अनुमोदन. मुलांना जमत नाही याला नाही. दाखवण्यात चूक होते.

खिळा हातात घ्या आणि खिडकीजवळ उजेडात फिरवून बघा. डोक्याच्या खाली, कोपऱ्यात, साच्याच्या दोन बारीक कडा उभ्या राहिलेल्या दिसतील, आणि दांड्यावर पकडीचे आडवे वळ. चाकाचा आतला भाग नेमका तिथे घासतो. त्या कडा कानशीने काढायच्या. खिळ्याचं टोक ड्रिलच्या चकमध्ये धरा, ड्रिल शिकंज्यात आडवा बांधा, ट्रिगर मोठ्यांच्या हातात. फिरत्या खिळ्याला जे काही लावायचं तेही मोठ्यांनीच. कानस अलगद टेकवायची, दाबायची नाही. दाबली की खिळ्याला कंबर पडते आणि चाक डुगडुगतं. मग ओला सँडपेपर ४००, ६००, १०००, २०००, प्रत्येकाला अर्धा मिनिट. पेपरची पट्टी दोन्ही हातांनी धरायची, बोटाला गुंडाळायची नाही.

मुलांचं काम यापुढचं. पॉलिशची पेस्ट सुती दोऱ्याला लावून, खिळा स्थिर धरून, दोरा पुढे-मागे ओढायचा. भिंगातून बघून वळ उरलेत का ते त्यांनीच सांगायचं. त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते. चाकाच्या भोकातून पाइप क्लीनर फिरवायचा. भोक सँडपेपरने घासू नका, ते मोठं आणि खडबडीत होतं. चाकाच्या कडेवर साच्याची गाठ असेल तर २२० च्या पेपरवर एकदा फिरवायला हरकत नाही, पण चाक पातळ किंवा हलकं करणं बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर आहे.

वंगण म्हणजे ग्राफाइटची पूड. तेल नको. बहुतेक पॅक फक्त कोरडं वंगण चालवतात, आणि पातळ तेलात धूळ व ग्राफाइट मिसळून काळा चिखल होतो तो वेगळाच. पूड भोकात फुंकायची, खिळ्यावर चाक घालून फिरवायचं, परत पूड, परत फिरवायचं. दहा-बारा वेळा. हे लायनसुद्धा आनंदाने करतो, फक्त खाली वर्तमानपत्र घाला आणि अंगात जुना शर्ट असू द्या. चाक ज्या जागी गाडीच्या अंगाला टेकेल तिथे मऊ शिसपेन्सिल घोटायची. टिचकी मारल्यावर चाक वीस सेकंदही फिरत नसेल तर काहीतरी राहिलंय.

नवखी_आई

खिळे बसवताना हातोडी वापरायची का? आणि चाक नि गाडी यांच्यात किती अंतर?

कानस

हातोडी अजिबात नाही. एका फटक्यात खिळा तिरका होतो किंवा लाकूड फुटतं. आधी गुण्या लावून खाच काटकोनात आहे का बघा. बऱ्याचदा नसते. तिरकी असेल तर ४४ नंबरच्या ड्रिलने खाचेच्या तळाशी सरळ वाट करून घेता येते, पण पॅक परवानगी देत असेल तरच. खिळा पक्कडीत धरून हळूहळू पिळत आत ढकला. अंतर क्रेडिट कार्डाच्या जाडीएवढं: चाक आणि लाकूड यांच्यात कार्ड घालून खिळा दाबायचा, मग कार्ड काढायचं. कार्ड घालणं-काढणं मुलांनी. गोंदाचा एक थेंब खाचेत, चाकापासून लांब, आणि तोही सगळी चाचणी झाल्यावर. आधी गोंद लावला की पुढे सुधारायला काही उरत नाही.

चक्रधर

चाचणीचं मी लिहितो, कारण माझ्या मते मुलांनी करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

पहिली चाचणी: टेबलावर गाडी हाताने पुढे ढकला. मागची दोन्ही चाकं सरकून खिळ्याच्या डोक्याला टेकली पाहिजेत. आता मागे ओढा. तेव्हाही डोक्यालाच टेकली पाहिजेत. पुढे जाताना डोक्याकडे आणि मागे येताना गाडीच्या अंगाकडे सरकत असतील तर तो खिळा समोरून वळलेला आहे. पक्कडीने केसभर फिरवा, परत बघा.

दुसरी चाचणी: चार फुटी सपाट फळी, मधोमध टेपची सरळ रेघ. फळी आडवी पातळीत आहे ना ते बघून तिचं एक टोक थोडं उचला, गाडी सोडा, आणि ती रेघेपासून किती इंच कुठल्या बाजूला गेली ते मुलांना वहीत लिहू द्या. पाच वेळा. मग एकच खिळा किंचित फिरवा आणि परत पाच वेळा. दोन खिळे एकदम फिरवले तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. आठ वर्षांच्या मुलाला ही वही ठेवता येते, आणि ती त्याची असेल तर 'गाडी कुणी केली' हा प्रश्नच येत नाही.

वेगवेडा

सरळ गाडी आता जुनी गोष्ट झाली. रेल रायडर करा. मागचे दोन्ही खिळे दीड ते तीन अंश वाकवायचे, चाकं वरून आत झुकलेली राहतील असे. पुढचं एक चाक वर उचलायचं, जमिनीला टेकता कामा नये. दुसरं किंचित वळवायचं, म्हणजे गाडी मधल्या उंचवट्याला एकाच बाजूने टेकून जाते. चार फुटांत दोन-तीन इंच वळली की झालं. सरळ गाडी दोन्ही बाजूंना आपटत जाते, ही आपटत नाही.

रंधा

तंत्र बरोबर आहे, जाणकारांच्या गाड्या तशाच असतात. पण तीन अटी. पॅकने आस वाकवायला आणि तीन चाकांवर धावायला परवानगी दिली पाहिजे. वळण ज्या चाकाकडे हवं त्याच्या उलट झालं तर ते चाक उंचवट्यावर चढतं आणि गाडी ट्रॅकबाहेर, हा प्रकार नवख्यांकडून हमखास होतो. आणि मुलाला 'हे चाक वर का?' असं विचारलं तर त्याला सांगता आलं पाहिजे. त्याला जे समजावून देता येत नाही ते त्याच्या गाडीत घालू नये. वेबेलोसला, म्हणजे चौथीतल्या मुलाला, समजतं. टायगरला नाही.

आणि वेगवेडा, रागावू नका, पण तुमच्यासारख्यांसाठी एक उत्तम उपाय आहे: दुसरा खोका. किट सुटं विकत मिळतं. आपली गाडी वेगळी करा आणि तीच शिकवण्याची पाटी समजा. प्रत्येक पायरी तुम्ही तुमच्या खिळ्यावर दाखवायची, मग तुमचे हात मागे आणि मूल आपल्या खिळ्यावर करणार. पोराची गाडी हिसकावून घ्यायची हुक्की येते ती हात रिकामे असतात म्हणून.

पॅकवाला

तेच लिहायला आलो होतो. शर्यत भरवणाऱ्यांसाठी काही गोष्टी, पालकांना उपदेश करण्यापेक्षा यांचा उपयोग जास्त.

मोठ्यांचा खुला गट ठेवा. मुलांच्या शर्यतीनंतर, वेगळं बक्षीस, नियम ढिले. ज्यांना सहा चाकांची गाडी करायचीय त्यांनी करावी. हा गट सुरू केला की मुलांच्या गटातल्या 'फारच गुळगुळीत' गाड्या कमी होतात.

शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक कार्यशाळेचा दिवस. एक बँड सॉ (विजेची पट्टा-करवत), एक ड्रिल प्रेस, त्यावर दोन अनुभवी माणसं, बाकी टेबलांवर सँडपेपर, काटे, फळी. ज्या घरात अवजारं नाहीत, ज्या घरात आई किंवा बाबा एकटे आहेत, त्यांची मुलं इथेच गाडी पूर्ण करू शकतात. अवजारांवरून होणारा अन्याय वेगाच्या अन्यायापेक्षा मोठा असतो आणि तो दिसत नाही.

बाद पद्धत वापरू नका. दोनदा हरलं की मूल खुर्चीवर आणि आई-बाबा घड्याळाकडे. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकदा पळवा आणि वेळांची सरासरी घ्या, कारण लेन सारख्या नसतात. चार लेन आणि चोवीस मुलं म्हणजे चोवीस फेऱ्या. एका फेरीला दीड-दोन मिनिटं धरली तरी पाऊण तासाच्या आसपास संपतं, आणि प्रत्येकाची गाडी चार वेळा पळते. वेळापत्रक संगणकावर करा, त्यासाठी डर्बीनेटसारखी सॉफ्टवेअर आहेत. पहिल्या दोघांत फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा असतो, तेव्हा डोळ्यांनी निकाल देऊ नका. तिथूनच पालकांची भांडणं सुरू होतात.

वजन-माप झालं की गाड्या पॅकच्या ताब्यात. शर्यत संपेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. चाक निखळलं किंवा वजन पडलं तर दुरुस्तीला ठरलेली वेळ, समजा पाच मिनिटं, दुरुस्ती टेबलावर, गोंद आणि पक्कड तिथेच. खिळा परत बसवता येईल, नव्याने रेषेत आणता येणार नाही, असं आधीच लिहून ठेवा.

आणि दिसण्याची बक्षिसं मुलांच्या मतांनी द्या, मोठ्यांच्या नको. मुलं टोस्ट, मगर आणि पेन्सिल यांना मतं देतात. चकचकीत रेसिंग कारला क्वचितच.

स्पष्टवक्ता

बरं, माघार. पण मूल स्वतः केलेली गाडी घेऊन आलं आणि शेवटचं आलं तर? ते समजावणं पालकांनाच करावं लागतं.

पॅकवाला

शेवटची गाडी बहुतेक वेळा चालण्यासारखी असते, फक्त हलकी किंवा कोरडी असते. म्हणून तपासणीच्या टेबलावर तीन गोष्टी ठेवा: पुट्टी, ग्राफाइट आणि चार फुटी फळी. गाडी चार औंस भरली तर तिथल्या तिथे वजन घाला, चाक अडत असेल तर कार्डाने अंतर करा. सगळ्यांना हे खुलं असावं. या दहा मिनिटांत खालच्या चार-पाच गाड्या शेवटपर्यंत पोचायच्या लायक होतात. शेवटच्या नंबरचं मूल फारसं रडत नाही. ज्याची गाडी रेघेपर्यंत पोचतच नाही ते रडतं.

नाकाचंही तिथेच बघा. सुरुवातीच्या खुंटीला गाडीचं नाक मधोमध टेकावं लागतं. मुलं शार्कचं तोंड किंवा मधे खाच असलेला आकार करतात, मग गाडी खुंटीच्या पुढे जाऊन बसते आणि तेवढं अंतर फुकट मिळतं. नाक फार उंच असेल तर खुंटी पडल्यावर त्यातच अडकतं. पुठ्ठ्यावर खुंटीची उंची काढून द्या, घरीच तपासता येईल.

नवखी_आई

शेवटचा प्रश्न. मोठ्या भावाची गेल्या वर्षीची गाडी आहे. तिची चाकं-खिळे काढून नव्या ठोकळ्याला लावले तर चालेल?

वजनकाटा

बहुतेक पॅकमध्ये गाडी त्याच वर्षी केलेली हवी, आणि चाकं-खिळे त्याच वर्षीच्या खोक्यातले हवेत असंही काही ठिकाणी असतं. विचारून घ्या. नियमात बसत असेल तरी खिळे उपटताना वाकतात, काचेवर गडगडवून बघा, डुगडुगला तर टाकून द्या. जुन्या गाडीतलं टंग्स्टन मात्र जरूर काढा, खाली गोंद असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून. त्या गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच असतो.